राउटरला कान नसतात

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो. पूर्वी लोक विचारायचे, गाडीत राहता तर आंघोळीचं काय, रात्रीची भीती नाही का वाटत. आता विचारतात, नेटचं काय करता? साताऱ्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या वहिनी तर मागेच लागल्या आहेत. त्यांच्या मुलाला आमच्यासारखी गाडी करायची आहे. "कुठलं यंत्र घेतलंत, रेंज कुठं मिळाली, स्वस्तात कसं बसवलंत, सगळं एकदा लिहूनच काढा," म्हणाल्या. तर लिहिते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आम्ही नेट फार स्वस्तात बसवलं. ते कसं बसवलं आणि त्यापायी काय झालं, हे मला वेगवेगळं सांगता येत नाही. वहिनींनी सगळंच वाचून घ्यावं.

आधी गाडी. माझा नवरा भास्कर जन्मभर एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. मूळचा लातूर जिल्ह्यातला, किल्लारीच्या अंगाचा. गावाचं नाव लिहू नको असं त्याने सांगितलंय. भूकंप झाला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, असं त्यांचं घर. ते झोपेत अंगावर आलं. आईवडील आणि धाकटा भाऊ गेले. भास्कर दोन तुळयांच्या बेचक्यात अडकून राहिला म्हणून वाचला. तेव्हापासून तो स्लॅबखाली झोपलेला नाही. आमचा फ्लॅट आहे, त्यात मी झोपते. तो खाली पार्किंगमध्ये बाज टाकून. पावसाळ्यात डेपोत उभ्या असलेल्या बसमध्ये. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच रात्री नवरा अंथरूण काखेत मारून जिना उतरायला लागला, तेव्हा माझं काय झालं असेल ते बायकांना सांगायला नको.

निवृत्त झाल्यावर त्याने एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस घेतली आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. दोन बाकडी, शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर. रंग खरचटला की खालून अजून शाळेचा पिवळा दिसतो. त्या पत्र्याच्या डब्यात आम्ही दोघं उतारवयात पहिल्यांदा एका छपराखाली झोपलो. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. पानं नेटवरून येतात, दुरुस्त करून नेटवरूनच जातात, आणि त्यावर आमचं डिझेल निघतं. म्हणजे नेट नाही तर काम नाही, आणि काम नाही तर गाडी परत पार्किंगमध्ये.

आणि आता गोदाआक्का. भास्करची थोरली बहीण. शेजारच्या गावात दिलेली होती. भूकंपाच्या सकाळी ती पायी पळत माहेरी आली आणि हातांनी दगड उपसायला लागली. भास्करचा आवाज ओरडून ओरडून गेला होता. त्याने आतून दगडावर दगड आपटला. एकदाच, कारण हात तेवढाच हलत होता. आक्काने बाहेरून एकदा आपटला. दिवसभर हे असंच चाललं, आतून ठक, बाहेरून ठक, आणि त्या आवाजाच्या रोखाने तिने भावाला बाहेर काढलं.

पुढे तिचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावठाणात भास्करला मिळालेल्या घरात ती राहायला आली ती एकटीच. तिकडची जमीन अजून मधूनच गुरगुरते. तसं काही झालं की आक्का भास्करला मिसकॉल देते. एक रिंग. भास्कर एक रिंग परत देतो. उचलायचं नाही, बोलायचं नाही. मला आधी वाटायचं, पैसे वाचवायला करतात. बऱ्याच वर्षांनी कळलं की हे तेच ठक आणि ठक आहे. मी आहे, तू आहेस ना, एवढंच. आक्काला वाचता येत नाही. गळ्यातल्या कापडी पिशवीत बटणांचा फोन, त्यातलं एक नंबरचं बटण दाबून धरलं की भास्करला लागतो. बाकीच्या बटणांशी तिचा संबंध नाही.

भाऊबीजेला तिच्याकडे पोचायचं, म्हणून ही फेरी.

इस्लापूर

विदर्भाकडून उतरत आम्ही किनवट तालुक्यात शिरलो आणि इस्लापूरला थांबलो. जवळच पैनगंगेचा सहस्त्रकुंड धबधबा. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे पाणी भरपूर, काळ्या खडकावरून गढूळ लोट खाली कोसळत होते. बघायला छानच. पण दोघांच्याही मोबाईलवर रेंजची एक काडी नाही. माझ्याकडे सातवीच्या भूगोलाची पानं अडकलेली, आणि प्रकाशकाकडचा माणूस आधीच कातावलेला.

चहाच्या टपरीवरच्या बाईंनी उपाय सांगितला. "रेंज पायजे? त्या चिंचंखाली जाऊन उभं ऱ्हा. हालू नका. हाललं की जाती."

मी चिंचेखाली लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून उभी राहिले. शाळेत शिक्षा झाल्यावर उभं राहतात तशी. भास्कर हसून हसून बेजार. निम्मी पानं गेली, निम्मी अडकली, आणि डास मात्र पोटभर जेवून गेले.

दिवेलागणीला भास्करचं हसू गेलं. आम्ही गाडी धबधब्याच्या अंगाला लावली होती आणि त्या पाण्याची धडधड जमिनीतून चाकांत, चाकांतून बाकड्यात येत होती. तो जेवता जेवता थांबला. तळहात जमिनीवर टेकवून बसला. मी म्हटलं, "अहो, पाणी आहे ते." त्याला माहीतच होतं. तरी हात न धुता उठला, चिंचेखाली गेला आणि आक्काला एक रिंग दिली. मी दारातून बघत होते. बराच वेळ तो पुतळ्यासारखा उभा. मग त्याच्या हातात फोन एकदा वाजला आणि गप्प झाला. परत येऊन त्याने उरलेली भाकरी खाल्ली. गाडी मात्र लांब घ्यायला लावली.

नांदेड

नांदेडला आलो तेव्हा पहिलं काम नेट. खरं तर दुसरं, कारण पहिल्यांदा गुरुद्वाराच्या लंगरमध्ये जेवलो. पंगतीत माझ्या शेजारी पंजाबहून आलेली एक म्हातारी होती. आम्हाला एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, पण माझी पोळी संपली की ती वाढप्याला हाक मारायची. आमच्याकडे महाप्रसादाला आपलं पान सांभाळायची घाई असते, दुसऱ्याचं कोण बघतो.

मग बाजारातलं सलीमचं मोबाईल दुकान. तरुण, चटपटीत माणूस. मी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. माझ्या कार्डाला खेड्यात रेंज नाही, रोजचा डेटा दुपारीच संपतो, आणखी एक महागडा प्लॅन परवडणार नाही.

"भाभी, फिकीर नका करू," तो म्हणाला. "भाईसाबचं कार्ड कोणतं हाय?"

भास्करचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, इस्लापूरसारखी एखादी जागा सोडली तर ग्रामीण भागात जोरदार चालणारं. त्यावर वर्षाचा प्लॅन, रोजचा भरपूर डेटा, आणि भास्कर तो वापरतो किती? सकाळी एक अभंग ऐकतो, झालं. त्याच्या फोनवरून हॉटस्पॉट घ्यावं तर फोन जुना, तापून बंद पडतो. उरलेला सगळा डेटा रोज रात्री वाया. उरलेली आमटी सकाळी थालीपिठात घालणारी बाई मी. गेलं वर्षभर एवढा डेटा रोज मोरीत ओतत होतो!

सलीमने एक जुना राउटर काढला. काडेपेट्यांच्या पुड्याएवढा. त्यात सिमकार्ड घालायचं, वर एक अँटेना लावून ती गाडीच्या टपावर न्यायची. "यात कार्ड टाकलं की सगळी गाडी वायफाय," तो म्हणाला. "पन एक हाय. फोन येनार नाही यात. याला कान नाहीत, भाईसाब. इंटरनेटपुरतंच हाय हे."

म्हणजे त्याने सांगितलं होतं. आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

भास्कर जरा घुटमळला. मी म्हटलं, दिवसा माझं काम होईपर्यंत राउटरमध्ये, संध्याकाळी परत फोनात. कानातल्या डुलाच्या मागच्या काडीने कार्ड निघतं, कितीसा उद्योग! तो म्हणाला, "रात्री मात्र फोनातच पाहिजे." भूकंप रात्री येतो, असं त्याचं एक ठरलेलं आहे. मी कबूल केलं.

आणि खरं सांगते, ते नेट सुंदर चाललं. गोदावरीच्या काठाने जाताना मी चालत्या गाडीत पानं पाठवली. स्वस्तातलं आहे म्हणून हिणवायला काही जागाच नव्हती. दोन दिवस रोज संध्याकाळी मी डूल काढायची, कार्ड राउटरमधून फोनात घालायची, आणि सकाळी उलट. भास्कर त्याला "दिवेलागण" म्हणायला लागला होता.

नायगाव

नायगावला मुक्काम एका पेट्रोल पंपामागे. रस्त्याने सोयाबीनच्या खळ्यांची धूळ, दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या जीपगाड्या, कपाशीच्या बोचक्यांवर बसलेली माणसं. पंपावरच्या माणसाच्या बायकोने धपाटे आणि दही आणून दिलं. आमच्याकडे कुणी अनोळखी गाडीतल्या माणसाला विचारत नाही. इथे, कुठले, कुणाचे, काय करून राहिले, हे सगळं विचारतात आणि मग खायला घालतात.

त्या दिवशी नेट रांगत होतं. संध्याकाळ झाली तरी पुस्तकाची मोठी फाईल चढत होती, थांबत होती, परत चढत होती. कार्ड काढलं तर सगळं पहिल्यापासून. मी डुलाला हात घातला आणि भास्करकडे बघितलं. तो पाठ टेकून पडला होता, दिवसभर गाडी चालवून दमलेला.

"राहू दे," तो म्हणाला. "चालू आहे तर चालू दे. सकाळी काढ."

फाईल गेली. सकाळी उन्हाआधी निघायचं म्हणून अंधारात उठलो, चहाही न घेता गाडी काढली. कार्ड राउटरमध्येच होतं. लातूरच्या रस्त्याचे खड्डे, गाडीची हाडं खिळखिळी करणारे. भांडी वाजत होती, पाण्याची टाकी हिंदकळत होती. भास्कर अभंग गुणगुणत होता. भाऊबीजेच्या ओढीने तो फार खुशीत होता.

लातूर

लातूरला डाळमिलांचा तो ओळखीचा वास आधी येतो, मग शहर. क्लासेसच्या भागात एका रिकाम्या प्लॉटवर, टँकर उभे राहतात तिथे, गाडी लावली. सगळीकडे पोरं. पाठीवर सॅक, हातात डबा, डोळे अर्धे मिटलेले. दारांएवढ्या बोर्डांवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे, आणि त्या चेहऱ्यांखालून ही पोरं मान खाली घालून जात होती. मोठमोठ्याने हसणारं एकही पोर मला दिसलं नाही.

पण नेट! तिथे नेट असं धावलं की मी आनंदाने वेडी झाले. आल्यापासून कामाला बसले ते उठले नाही. मागची थकलेली सगळी पानं हातावेगळी केली. भास्कर बाजारात जाऊन आक्कासाठी भाऊबीजेचं इरकल लुगडं घेऊन आला, हिरवं, लाल काठाचं. घडी मोडून मला दाखवलं, परत नीट घातली.

दुपारची जेवणं उरकल्यावर दारात एक बाई आली. मध्यम वयाची, स्वच्छ साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात एक बारीक किल्ली. "जयभीम," म्हणाली. "ही कोणत्या क्लासची गाडी म्हनायची? जाहिरात करून राहिलात का?"

"कसली जाहिरात, घर आहे आमचं," मी म्हटलं.

"चाकाचं? अगं माय!" ती आत आली, शेगडी बघितली, मोरी बघितली आणि बसलीच. नाव कुंताबाई. हिंगोलीकडची. नवरा तिकडे जिल्हा परिषद शाळेत मास्तर, आणि ही इथे एका खोलीत मुलीला घेऊन राहते. मुलगी प्रज्ञा, डॉक्टर व्हायची परीक्षा दुसऱ्यांदा देणार. अशा आया या गल्लीत घरोघर आहेत म्हणाली. स्वयंपाक करायचा, डबा द्यायचा, आणि पोरगी अभ्यास करते का ते बघत बसायचं. किल्ली कसली, विचारलं, तर ट्रंकेची. ट्रंकेत मुलीचा मोबाईल. "रातच्याला काढून देते. बापाशी बोलती, परत कुलूप. इथं समद्याच बाया तसंच करत्यात."

तिला स्वतःच्या फोनवर मुलीसाठी सरावाचा पेपर उतरवून घ्यायचा होता, आणि त्यांचा दिवसाचा डेटा संपला होता. मी लगेच माझ्या वायफायचा पासवर्ड दिला. अगदी उदार होऊन. पेपर उतरत होता आणि मी चहा टाकला.

"सकाळी कुठं व्हता तुम्ही?" कुंताबाईने सहज विचारलं. "गाडीतच असाल, मंग कळलं नसंल. पहाटं हादरलं न्हाई का लातूर!"

मी भास्करकडे बघितलं. तो लुगड्याला कागद गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"हॉस्टेलची समदी लेकरं खाली. पुस्तकं हातात घेऊन पळाली, चपला न्हाईत पायात," ती सांगत होती. "माझी पोरगी उठंना. मी हातानं वढायली, तर म्हनती कशी, मम्मी, पडलं तर पडू दे. आज टेस्ट तरी नसंल." ती हसली, आणि मग तिचं तिलाच ते हसू सोसेना. पदराने तोंड पुसायला लागली.

भास्करने खिशातून फोन काढला. त्यावर कार्ड नाही असं लिहिलेलं होतं. तो ते वाचत राहिला. मग त्याने वर, खिडकीपाशी बसवलेल्या त्या राउटरकडे बघितलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. प्रज्ञाचा पेपर उतरत होता.

मी लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. किती डेटा उरला हे बघायला मी ते रोज उघडत होते. वर कोपऱ्यात पाकिटाचं एक चित्र असायचं, त्यावर कधी बोट लावलं नव्हतं. आत कंपनीचे संदेश होते, आपल्याला या नंबरवरून फोन येऊन गेला. सगळे आक्काचे. पहाटेपासूनचे, एकाखाली एक. कधी एका रिंगच्या वर न देणारी बाई, आणि माझं खाली सरकवणारं बोट थांबत नव्हतं.

भास्करला कार्ड काढता येईना. काडी भोकात जाईना. मी काढलं, फोनात घातलं. त्याने एक रिंग दिली आणि आम्ही थांबलो. उत्तर आलं नाही. मग जन्मात न केलेली गोष्ट त्याने केली, पूर्ण फोन लावला. आक्काचा फोन बंद होता.

तिच्या शेजारच्या रतनबाईचा नंबर माझ्याकडे होता. ती म्हणाली, "आक्का सकाळधरनं न्हाई वो घरी. पहाटं फोन घेऊन आल्ती. बटन दाबायली, दाबायली, भाऊ उत्तर देईना म्हनली. आमी म्हनलं, आगं रेंज नसंल, येईल. ती काय ऐकंना. आमी समदी रानात गेलो, सोयाबीन पडलंय. आता बगतो तर कुलूप बी न्हाई घराला."

कुंताबाई उठून उभी राहिली होती. "ताई, माझ्या पेपरापायी तर न्हाई ना..." मी नाही म्हटलं. तिच्यापायी नव्हतंच ते.

जुनं गाव

भास्करने गाडी औशाकडच्या रस्त्याला घातली. नव्या गावठाणाची वाट आली तरी त्याने गाडी वळवली नाही, सरळ घेतली.

जुन्या गावात आता कुणी राहत नाही. वेडी बाभूळ माजलीय. तिच्यात घरांची जोती, एखादी उभी चौकट, आणि दगड, सगळीकडे काळे दगड. गाडी जाईल तिथपर्यंत नेली आणि उतरलो. उन्हं कलली होती. भास्कर काट्यांतून असा चालत होता जणू गल्ली अजून जागेवर आहे. एके ठिकाणी तो थांबला आणि हात वर केला. मीही थांबले.

ठक.

मग शांतता. मग पुन्हा, ठक.

आक्का त्यांच्या घराच्या जोत्यावर बसली होती. दिवसभर उन्हात, डोक्यावर पदर नाही. समोर एक खड्डा, कोपरभर खोल, हातांनी उकरलेला. बोटांची नखं राहिली नव्हती. फोन गळ्यात लोंबत होता. ती दगड उचलायची, जोत्याच्या दगडावर एकदा आपटायची, आणि कान लावून ऐकायची.

"आक्का," भास्कर म्हणाला. तिने मान वळवली नाही. तो अगदी जवळ गेला, "आक्का, मी आलोय." तिने हाताने त्याला दूर सारलं. "सरक तिकडं. ऐकू येईना झालंय."

तेव्हा भास्कर खाली बसला. त्याने एक दगड घेतला आणि एकदा आपटला.

आक्काचा चेहरा उजळला. मी तो उजेड विसरणार नाही. "हाय!" ती ओरडली. "हाय! जित्ता हाय!" आणि ती दोन्ही हातांनी खड्डा उकरायला लागली. भाऊ तिच्या खांद्याला खांदा लावून बसला होता, रडत होता, तिचे हात धरू बघत होता, आणि ती त्याला म्हणत होती, "सोड रं बाबा, माझा भाऊ हाय खाली. बगत काय बसलास, दगड काढू लाग!"

आम्ही दोघांनी तिला उचलून गाडीत घातलं. ती लातूरपर्यंत हाका मारत होती.

पुन्हा लातूर

दवाखान्यात सांगितलं, वय, दिवसभराचं ऊन, अंगातलं पाणी गेलेलं, आणि मनाला बसलेला धक्का. हातांच्या जखमा भरतील. बाकीचं सांगता येत नाही. आक्का जेवायची, औषध घ्यायची, मला सुनंदा म्हणून ओळखायचीही. "तुजा मालक अडकलाय गं," म्हणायची. भास्करला मात्र ती ओळखत नव्हती. गाडी चालवतो म्हणून ती त्याला डायवर म्हणायला लागली.

कुंताबाई रोज डबा आणायची. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. एकदा तिच्याबरोबर प्रज्ञा आली. किडकिडीत, चष्म्याची. तिने आक्काच्या बोटांची पट्टी बदलायला नर्सला मदत केली. त्या दिवशी कुंताबाईच्या गळ्यात किल्ली नव्हती.

भास्करने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मला ते नको होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

वहिनींसाठी सांगते, राउटर आता माळ्यावर आहे, मुलाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. भास्करचं कार्ड त्याच्या फोनातून निघत नाही. माझ्या कार्डाला रेंज नसली तर नसते. पानं उशिरा जातात, काही काम हातचं गेलंही.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा भाऊबीज होती. आक्का स्लॅबखाली राहीना आणि नव्या गावठाणातही जाईना. तिला एकच ठिकाण हवं होतं. म्हणून गाडी जुन्या गावाच्या तोंडाशी लावली. दुपारी मी तिचा बंद पडलेला फोन चार्ज करून परत तिच्या गळ्यात घातला होता. सूर्य बुडाला तशी तिने मला ताम्हण मागितलं. "निरांजन लाव," म्हणाली. "चंद्राला ओवाळते. काय करावं, भाऊ जवळ न्हाई." भाऊ जवळ नसला की बायका तसंच करतात. बीजेची कोर बाभळींच्या वर जेमतेम दिसत होती. आक्का पट्ट्या बांधलेल्या हातांत ताम्हण धरून तिच्यासमोर उभी राहिली.

भास्कर गाडीच्या पलीकडे गेला.

आक्काच्या गळ्यातला फोन एकदा वाजला आणि थांबला. ताम्हण तिच्या हातून पडता पडता मी धरलं. तिने फोन काढला, बटण दाबून धरलं. गाडीपलीकडे भास्करच्या खिशात मुका केलेला फोन थरथरला असणार. तो तसाच इकडे आला.

"डायवर!" ती त्याला म्हणाली. "ऐकलास का? माझा भाऊ जित्ता हाय! चंद्राचं काय काम आता?" तिने फोन आम्ही मांडून ठेवलेल्या पाटावर ठेवला, हिरव्या लुगड्याच्या घडीवर. त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. भास्कर समोर उभा होता, हात जोडून.

ओवाळून झाल्यावर तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तिला त्याची दया आली असावी.

"तुला बी बहीन असंल की रं कुठं," ती म्हणाली. "वाट बगत असंल. सणाच्या दिवशी हितं कामून थांबलास? जा तिच्याकडं."